छत्तीसपैकी अकरा

६ जानेवारी, मंगळवार

सिल्क बोर्डच्या चौकात बस अडकली होती तेव्हा ऑफिसातल्या दीपाचा फोन. "गौरी, तुझ्या अकाउंटवर काय टाकलंयस ते? आधी बघ." बघितलं. माझं नाव, माझा हसरा फोटो, आणि खाली माझ्याच तोंडी: 'माझी आणि श्रीकांतची पत्रिका जुळवली! ३६ पैकी ११ गुण. मृत्युषडाष्टक योग. विवाह टाळावा. तुम्हीही तुमची पत्रिका मोफत बघा.' वर दोन फुलं आणि एक लाल बदाम. श्रीलाही टॅग केलेलं.

मी टाकलेलं नाही. असलं काही मी जन्मात बघितलेलं नाही.

लगेच काढून टाकलं. पण ते काल संध्याकाळपासून तिथं होतं. काल संध्याकाळपासून सगळं जग ते वाचत होतं आणि एकानंही मला विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, हिनंच टाकलंय, शिकलेली मुलगी, हल्ली काय सांगावं. एका शाळूसोबतीणीनं तर रडका चेहरा पाठवून 'काळजी घे' लिहिलंय.

१ फेब्रुवारीला साखरपुडा आहे आमचा.

श्री फोन उचलत नाही. ऑफिसात काय केलं आठवत नाही. घरी आले आणि मारतहळ्ळीच्या या खोलीत बूट न काढता बसून राहिले.

७ जाने., बुध.

शोधलं. यात माझा हात कोण धरणार? पोटापाण्याचं कामच ते. आमच्या कंपनीचं ॲप दुकानदारांना एकाच जागेवरून सगळीकडे जाहिराती टाकू देतं. म्हणजे आम्हीही बाहेरचेच, लोकांच्या अकाउंटवर त्यांच्या परवानगीनं राहणारे. कुठली परवानगी कशासाठी मागतात, दिलेली काढायची कशी, हे साध्या भाषेत लिहायचं आणि घाबरून लिहिणाऱ्यांना उत्तरं द्यायची. रोज कुणीतरी विचारतं, 'मी काही केलं नाही, आपोआप पोस्ट गेली.' आणि मी रोज शांतपणे लिहिते, 'कृपया जोडलेल्या ॲप्सची यादी तपासा.'

आज स्वतःची तपासली. पत्रिकेचं एक ॲप. माझं नाव, जन्मतारीख, मित्रमंडळींची यादी, आणि शेवटी: तुमच्या नावाने पोस्ट करणे. परवानगी दिली सोमवारी दुपारी. टॅबलेटवरून. येलहंका, म्हणजे आईबाबांचं घर.

आईचा टॅब. दिवाळीत मीच त्यावर माझं अकाउंट उघडून दिलं होतं, तिला माझे फोटो मोठे करून बघायचे असतात म्हणून.

परवानगी काढली. दोनदा बटण दाबायचं, झालं. लोकांना सांगते ना मी, सोपं आहे.

संध्याकाळी आईचा फोन. साडीला फॉल लावायला दिलाय, पेढे कुठून आणायचे, श्रीच्या आईला काठापदराची चालेल का. आवाजात लगीनघाई नुसती. तिला काहीच माहीत नाही. तिचं स्वतःचं अकाउंटच नाही, कळणार कुठून? बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं, काठापदराचीच घे.

८ जाने., गुरु.

श्री भेटला. पुलाजवळच्या दर्शिनीत, उभ्यानं कॉफी. डोळे सुजलेले. पाच वर्षांत त्याला असं बघितलेलं नाही.

म्हटलं, मी नाही केलं ते. ॲपनं आपोआप टाकलं.

तो म्हणाला, "तूच सांगतीस की गौरी. ॲप आपोआप काही करत नाही, कुणीतरी हो म्हटलेलं असतं."

माझंच वाक्य. पहिल्या वर्षी त्याला फुशारकीनं सांगितलेलं. मग मला सांगावं लागलं की 'हो' आईनं म्हटलं. सांगताना इतकी लाज वाटली, आईची नव्हे, तिला अशी उघडी पाडण्याची.

"सरी," म्हणाला. कानडी 'सरी' म्हणजे ठीक. पण त्याचं हे 'सरी' ठीक नव्हतं.

पत्रिका बघायची नाही हे ठरलेलं होतं. त्याच्या घरचा शब्द होता तो. त्याचा थोरला भाऊ, सुरेशअण्णा. त्याच्या लग्नात पत्रिका जुळवली होती. अठ्ठावीस गुण! ज्योतिषी स्वतः पेढे मागून गेला म्हणे. आणि वाणीवहिनी वर्षाच्या आत तापानं गेली. त्या दिवशी सुरेशअण्णानं घरातल्या सगळ्या पत्रिका काढून बंबात घातल्या आणि श्रीच्या आईनं, अम्मांनी, सांगितलं, या घरात पुन्हा हे नाव काढायचं नाही. आमच्या पहिल्या बैठकीत अम्मांनी हे सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले. विमानांच्या सरकारी कारखान्यात आयुष्य काढलेला इंजिनिअर माणूस, त्यांचा कशावर विश्वास? आईही मान हलवत होती. मला वाटलं ती मान पटल्याची आहे.

पुढचं श्रीनं सांगितलं ते लिहायलाही नको वाटतंय. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. बोलतात मराठी, पण अम्मांना वाचता येतं ते कानडीच. श्रीच्या काकूनं अम्मांच्या फोनवर ती पोस्ट पाठवली. अम्मांना माझा फोटो दिसला, मृत्यूबित्यू काय कळणार. श्री जेवत होता. त्याच्यापुढे फोन धरून म्हणाल्या, "गौरीनं काय घातलंय बघ की, वाच स्वल्प." आणि तो मोठ्यानं वाचायला लागला. अर्ध्यात पोचेपर्यंत त्याला कळलंच नाही आपण काय वाचतोय.

थांबला तेव्हा अम्मा म्हणाल्या, पुढचं वाच.

१० जाने., शनि.

राग येतोय. आईचा, त्या ॲपचा, बदामाचा. मृत्युषडाष्टकाशेजारी बदाम! कुठल्या गाढवानं बसून ठरवलं असेल ते?

काम केलं तरी तेच. परवानग्यांच्या मदतपानाची नवी आवृत्ती लिहितेय. एक वाक्य घातलं: 'परवानगी काढल्यावर ॲप यापुढे तुमची माहिती घेऊ शकणार नाही, पण आधी घेतलेली माहिती त्याच्याकडे राहू शकते.' मॅनेजरनं फोन करून सांगितलं, हे गाळ, वाचणारा घाबरतो. मी म्हटलं, खरं आहे ते. म्हणाला, खरं आहे पण मदत कुठे आहे त्यात?

वाक्य ठेवलंय. बघू कोण गाळतंय. तावातावानं ठेवलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. दीपा दाराबाहेर उभी राहून इतरांना 'दुसरीकडे जा' सांगत होती, एवढं ऐकू आलं.

१४ जाने., बुध., संक्रांत

येलहंका. गूळपोळ्या. आईनं श्रीसाठी डबा वेगळा काढून ठेवला होता. तो का नाही आला? काम आहे. सणाला कसलं काम? असतं आई.

जेवणानंतर ती आणि मी मागच्या खोलीत. टॅब तिथंच, उशीखाली. आडून आडून विचारलं, हल्ली काय बघतेस गं यावर? आणि ती लाजली. खरंच लाजली. मग दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं, पोटात मावतच नव्हतं तिच्या.

"रागावू नकोस. मी तुमची पत्रिका बघितली. ते लोक नको म्हणाले, पण आईचा जीव आहे गं. मोफत होतं. आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही मी, ह्यांनासुद्धा नाही."

किती गुण, विचारलं मी. ते ऐकायचंच होतं मला.

"ते जाऊ दे. थोडं कमी आहे. मी शांत करायची बोललेय देवीला. रोज जप करतेय. तुला कळायला नको होतं, आनंदाचे दिवस आहेत तुझे. मनातच ठेवणार होते मी."

मनातच! माझ्या यादीतली चारेकशे माणसं, त्यात तिच्या मंडळातल्या निम्म्या काकवा, सगळ्यांनी वाचलं. आणि ही पहाटे उठून, नवऱ्यालाही न सांगता, जप करत बसलीय.

त्या ॲपनं परवानगी मागितली तेव्हा काय केलंस, विचारलं.

"विचारत होतं बिचारं, नाव बघू का, तारीख बघू का. किती रीतसर विचारत होतं. एवढं विचारून करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? न विचारता घेणारे असतात."

आमच्या घरात कुणी काही मागितलं आणि नाही म्हटलंय असं मी पाहिलेलं नाही. इस्त्रीवाल्यापासून शेजारच्या मुलाच्या सायकलीपर्यंत. त्याच घरात वाढले मी.

नाही सांगितलं. तिच्या हातची पोळी खाल्ली, तूप मागून घेतलं. श्रीचा डबा घेऊन निघाले. मारतहळ्ळीला आल्यावर तो डबा मीच उघडला.

१५ जाने., गुरु.

आईचा मेसेज, आवाजातला. रविवारी मराठी मंडळात हळदीकुंकू आहे, दरवेळी कुणीतरी काहीतरी सांगतं, या वेळी मी सांगितलंय की माझी गौरी मोबाइलबद्दल बोलेल. परवानग्या का काय ते तुझं. सगळ्या फार मागे लागल्यात.

मागे लागल्यात! कळलं मला का लागल्यात. नाही म्हणणार होते. पण नाही म्हटलं तर ती का विचारेल.

श्रीचा एक मेसेज: 'अम्मा नीट जेवत नाही. मला वेळ दे.' दिला. दुसरं देण्यासारखं काय आहे माझ्याकडे?

१८ जाने., रवि.

लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

हॉलमध्ये सगळ्या काळ्या साड्यांत. आई पहिल्या रांगेत, मांडीवर वही, पोरीचं भाषण उतरवून घ्यायला. मी ठरवून गेले होते, पोस्टचा विषयच काढायचा नाही. काय बघू देता, कसं बंद करायचं, संपलं. तिळगूळ घ्या.

सुरुवात बरी झाली. म्हटलं, घरी गॅस तपासायला माणूस येतो, आपण त्याला आत घेतो. पण त्यानं कपाट उघडायला सांगितलं तर उघडतो का? ॲपचंही तेच. पत्ते खेळायच्या ॲपला तुमची मित्रमंडळी कशाला हवीत? फुलांच्या चित्रांना जन्मतारीख कशाला हवी? आधी विचारा, याच्या कामाला हे लागतं का. लागत नसेल तर 'नाही' दाबा, त्याला वाईट वाटत नाही, ते माणूस नाही. हसल्या सगळ्या. मग प्रत्येकीला फोन काढायला लावला, सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲप्सची यादी उघडायला लावली. नुसता गलका. जोशीकाकूंना 'तुम्ही मागच्या जन्मी कोण होता' सापडलं, चार वर्षांपूर्वीचं. "अगं बाई, हे अजून इथंच बसलंय?" मी म्हटलं, तुम्ही जा म्हणेपर्यंत बसणार.

सगळ्या टकाटक काढायला लागल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपलं काम आपल्याला येतं याचं.

मग मागून एक तरुण बाई, नवीन आलेली, नाव माहीत नाही. "मॅम, आपण काही न करता आपल्या नावानं ते पोस्ट टाकू शकतं का?"

तेव्हा कळलं की सगळ्यांनी वाचलेलं आहे. कुणी तिळगुळाच्या वाटीत बघतंय, कुणी बांगड्या फिरवतंय. त्या नवीन मुलीला तेवढं माहीत नव्हतं.

म्हटलं, हो. एकदा परवानगी दिली की टाकू शकतं.

आईनं हात वर केला. शाळेतल्यासारखा. "पत्रिकेचं ॲप असेल तर?"

तेही, म्हटलं.

"पण बघणारीनं फक्त स्वतःसाठी बघितलं असेल तर? कुणाला सांगायचंच नसेल तिला?"

आवाज तोवर साधाच होता तिचा. शंका विचारते आहे असा. मी खोटं बोलू शकले असते. माझ्या ओठावर आलंही होतं. पण समोर चाळीसेक बायका फोन हातात घेऊन बसलेल्या, त्यांना मी चुकीचं कसं सांगू? म्हटलं, तिला सांगायचं नसलं तरी. ज्या अकाउंटवरून परवानगी दिली त्याच्या नावानं ते सगळ्यांना सांगतं.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच वळून मागे बघितलं तिनं. एकेका बाईकडे. आणि एकेकीनं मान खाली घातली.

वही मिटली. पेन पर्समध्ये ठेवलं. पुढचं भाषण मी कसं संपवलं माहीत नाही. टाळ्या वाजल्या. हळदीकुंकू लावताना जोशीकाकूंनी आईच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा आई म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?" काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो."

घरी जाताना रिक्षात फक्त एवढंच: "म्हणून आला नाही का तो संक्रांतीला?"

हो, आई.

१९ जाने., सोम.

बाबांचा फोन. सकाळपासून देवघरात बसलीय, चहासुद्धा नाही. तुला ठाऊक होतं? मलाही नाही सांगितलं दोघींनी. "टॅब माझ्या टेबलावर आणून ठेवलाय तिनं, म्हणते तुमच्याकडेच ठेवा, मला हात लावायचा नाही."

असं नको होतं. मला तिला शिकवायचं होतं, घाबरवायचं नव्हतं. त्या टॅबवर ती माझे फोटो बघायची, एवढंच करायची बिचारी.

रजा टाकली. अंथरुणातच पडून आहे. माझी आई, आणि माझा श्री. दोघांपैकी कुणाच्याच जवळ नाही मी आज.

२२ जाने., गुरु.

आई एकटी चामराजपेटला जाऊन आली. श्रीच्या घरी. कुणाला न विचारता, येलहंक्याहून बसनं, बदलत बदलत. कानडी तिला भाजी घेण्यापुरतं येतं.

बाबांना काही सांगेना, मला फोनवर सांगितलं. अम्मांनी दार उघडलं, "या अक्का," म्हणाल्या, बसवलं, पाणी दिलं. ओरडल्या नाहीत. आईनं सांगितलं, चूक माझी, पोरीला काही ठाऊक नव्हतं, तुमचा शब्द मी मोडला. हात जोडले म्हणे. माझ्या आईनं हात जोडले हे ऐकून मी फोन बाजूला धरला.

अम्मा म्हणाल्या, "चूक कुणाची कशाला बघायची अक्का. आता कळलं नव्हे का आपल्याला."

एळ्ळु-बेल्लाची पुडी दिली, तीळ, गूळ, खोबरं. कुंकू लावलं. निघताना आईचा हात धरून उभ्या राहिल्या, सोडेचनात. आई म्हणते, गौरी, ती बाई रागावलेली नाही. रागावली असती तर बरं होतं.

२५ जाने., रवि., रथसप्तमी

श्री आला. खोलीवर, पहिल्यांदाच खाली मान घालून. साखरपुडा पुढे ढकलूया. किती पुढे? माहीत नाही.

मी भडकले. म्हटलं, अठ्ठावीस गुण जुळूनही वहिनी गेलीच ना? मग अकरा गुणांना काय अर्थ राहिला? तुमच्याच घरात सिद्ध झालंय की हे सगळं थोतांड आहे!

"मला ठाऊक आहे," म्हणाला. "अम्मालाही मी हेच सांगितलं. ती म्हणते, जुळून असं झालं, तर न जुळता काय होईल?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"ती तुझ्यावर रागावलेली नाही गौरी. तू मरशील म्हणून घाबरलीय."

मग आम्ही दोघं पलंगाच्या कडेला बसून रडलो. लहान मुलांसारखे, आवाज करून. जाताना म्हणाला, तू हो म्हण, मी अम्माला सोडून येतो. मी म्हटलं, वेडा आहेस का. पण त्यानं विचारलं ते बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२८ जाने., बुध.

आज ऑफिसात, दुपारी, सगळे जेवायला गेलेले, मी सर्चमध्ये टाइप केलं: मृत्युषडाष्टक म्हणजे काय. वाचलं. मग: परिहार. मग: धोका कुणाला, मुलीला की मुलाला. मग भानावर आले आणि सगळं पुसून टाकलं.

मी! बाबांची मुलगी. विश्वास नाही माझा, एक पैशाचा नाही. पण काल रस्ता ओलांडताना थांबले, नेहमीपेक्षा जास्त. श्रीला जरा खोकला झालाय तर रोज विचारतेय, ताप आहे का. हे असंच राहणार का आता? कणकण आली की दोघंही एकमेकांकडे बघणार, आणि बोलणार नाही?

मदतपान आज सुरू झालं. ते वाक्य मॅनेजरनं गाळलंय. या वेळी भांडले नाही.

३१ जाने., शनि.

अम्मांचा फोन. स्वतः. "उद्या जेवायला ये की गं पुट्टी. तू एकटी. श्रीला मी बाहेर पाठवते." पुट्टी, म्हणजे छोटी, अजून म्हणतात मला.

उद्या. १ तारीख. त्यांच्या लक्षात नसेल असं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, जा, आणि जे म्हणतील त्याला एकदम हो म्हणू नकोस. माझ्या आईनं हे म्हणावं! टॅब अजून बाबांच्या टेबलावर आहे. मी म्हटलं, परवा येते आणि तुझं वेगळं अकाउंट काढून देते. नको म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बघू."

१ फेब्रु., रवि.

अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं सार, भात, डाळीची कोसंबरी. अम्मांनी मला स्वयंपाकघरातच पाट दिला. स्वतः समोर बसल्या, जेवल्या नाहीत. किती वाळल्यात. सुरेशअण्णा वर त्याच्या खोलीत, रेडिओ ऐकू येत होता.

"वाणी इथंच बसायची," म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुझं सगळं बरोबर आहे पुट्टी. श्री सांगतो, सुरेश सांगतो. डोक्याला पटतंय. पण तुला दारातून येताना बघितलं की आनंद व्हायचा मला. आता भीती वाटते. मी काय करू, सांग.

उजवा हात खरकटा होता, डावा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

मग त्या अगदी हळू, वर आवाज जाऊ नये म्हणून: "मी नको म्हटलं तर तो मला टाकून जाईल. एक असा वर बसलाय, दुसराही गेला तर मी कशाला जगू? तूच नाही म्हण. तू म्हटलंस तर तो रडेल, पण माझ्याजवळ राहील. तुझं वय आहे गं. तुला मिळेल."

रागावून म्हणाल्या असत्या तर मी उठून भांडले असते. पण माझ्याकडे मागत होत्या त्या. पदर तोंडाशी धरून, घाबरत घाबरत, मी नाही म्हणेन की काय असं माझ्याकडे बघत. माझ्या तोंडून हो निघणारच होतं. इतकं जवळ होतं ते. मी भाताचा घास तोंडात घातला आणि चावत राहिले.

"लगेच सांगू नकोस," त्याच म्हणाल्या. "आधी जेव."

हात धुतले. त्यांनी कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. पाया पडले तर उठवून छातीशी धरलं आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून काहीतरी कानडीत पुटपुटल्या. देवाचं असावं.

खाली गल्लीच्या तोंडाशी श्री स्कूटरवर बसून होता, बाहेर पाठवलेला. "काय म्हणाली अम्मा?"

म्हटलं, आणखी भात वाढू का म्हणाली.

हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. हेल्मेट दिलं. "कुठं सोडू? येलहंका की मारतहळ्ळी?"

म्हटलं, कुठंही ने. पण लगेच सोडू नकोस.